१६२ वरून २६: मेट्सची वही आता फक्त रविवारी

सातची_लोकल

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत होतो, आज पोरं झोपलीत, अण्णा झोपलेत, बायको नाईटला गेलीये. आणि फेब्रुवारी लागलाय म्हणजे थोड्याच दिवसांत फ्लोरिडात पोर्ट सेंट लुसीला न्यूयॉर्क मेट्सची, म्हणजे माझ्या बेसबॉल टीमची, पिचर-कॅचर मंडळी सरावाला हजर होणार, तेव्हा आत्ताच बोलून टाकतो, एकदा बॉल उडाला की माझ्या तोंडातून हा शब्द निघायचा नाही.

तर ठरलंय असं की या सीझनपासून रोजची मॅच बंद. रोजची वही बंद, रात्री ग्रुपवर टाकायचा रिपोर्ट बंद. फक्त रविवार.

नवीन लोकांसाठी थोडं मागचं. मी २००७ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत एडिसनला आलो, रूममेट मेट्सचा भक्त, त्याच्यासोबत बघायला लागलो आणि पहिल्याच वर्षी बघितलं काय, तर १७ मॅच शिल्लक असताना ७ मॅचची आघाडी होती आणि ती सगळी घालवून बाहेर. शहाणा माणूस तिथूनच पळाला असता. मी २००९ मध्ये मेट्सचं नवीन मैदान, सिटी फील्ड, उघडलं तेव्हा पहिली स्कोअरबुक घेतली आणि तेव्हापासून पेन्सिलीने एकेक बॉल नाही पण एकेक बॅटर लिहीत आलोय. कपाटात ३१ वह्या आहेत. बायको त्याला 'चोपड्या' म्हणते, दिवाळीत पूजा करू का विचारते.

आता हिशोब ऐका, मी परवा बसून केला. सीझनला १६२ मॅच. पिच क्लॉक (पिचरने ठराविक वेळात बॉल टाकावा म्हणून लावलेलं घड्याळ) आल्यापासून म्हणजे २०२३ पासून मॅच सरासरी २ तास ४० मिनिटांवर आली, आधी तीन तासांच्या वर जायची. २ तास ४० गुणिले १६२ म्हणजे ४३२ तास. चोवीस तासांचे अठरा दिवस! न झोपता, न जेवता. अगदी सगळ्या नाही बघितल्या तरी पंधरा दिवस कुठे गेले नाहीत. माझ्या कंपनीत वर्षाची रजा पंधरा दिवस आहे.

आणि घरच्या मॅचचा पहिला बॉल संध्याकाळी ७:१०. म्हणजे बरोब्बर धाकट्याची आंघोळ, अण्णांची जेवणाआधीची फेरी, आणि मोठीचा गणिताचा गृहपाठ. टीम कॅलिफोर्नियाला गेली की रात्री दहाला सुरू, एकला संपणार, दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात माणसात नाही.

कारण काय घडलं म्हणाल तर तसं मोठं काही नाही. गेल्या वर्षी २८ सप्टेंबर, रविवार. आठवतोय ना सगळ्यांना, आशिया कपची फायनल, सकाळी साडेदहापासून मी न् अण्णा टीव्हीसमोर, तिलक वर्माने नाबाद ६९ मारून पाकिस्तानला हरवलं, अण्णांनी पेढा मागितला. लगेच तीनला मेट्सची शेवटची मॅच मायामीत. जूनच्या मध्यात ४५-२४ म्हणजे अख्ख्या लीगमध्ये एक नंबर असलेली टीम, आणि आता शेवटच्या दिवशी जिंका नाहीतर घरी जा. त्याच दिवशी संध्याकाळी आमच्याकडच्या मंडळींचा भोंडला. मोठीला मी शब्द दिलेला की चारला निघू.

चौथ्या इनिंगमध्ये मायामीचे चार रन. पाचवीत आपले बेस भरलेले, दोन आउट, अलोन्सो बॅटिंगला. पोरगी दारात परकर-पोलकं घालून उभी, गजरा पण माळलेला, हातात खिरापतीचा डबा. मी म्हटलं हा एक बॅटर. अलोन्सोने असा मारला की मी खुर्चीवरून उठलो, आणि लेफ्ट फील्डरने पकडला. मी वहीत ७, म्हणजे लेफ्ट फील्डर, लिहिला आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. मग म्हटलं ही इनिंग संपली, आता निघू, मग म्हटलं पुढची अर्धी...

पोचलो तेव्हा हत्ती उचलून ठेवलेला. गाणी संपलेली, खिरापत ओळखून झालेली, एका काकूंनी कागदी बशीत वाटली डाळ आणून दिली. आमचा डबा तसाच बंद. परत येताना गाडीत ती मागे बसलेली, काही बोलली नाही, रागावली पण नाही. टर्नपाइकवर विचारते, बाबा, हरले का? मी म्हटलं हो, चार-शून्य. म्हणजे उद्यापासून नाही ना मॅच?

आणि तो 'नाही ना' ती ज्या आवाजात म्हणाली ना. शाळेला बर्फाची सुट्टी मिळाली की ज्या आवाजात बोलते तो आवाज.

बास. एवढंच. सल्ला नकोय फारसा पण शिव्या चालतील.

अळूवडी

आमच्याकडे आयपीएलचे दोन महिने मी कसेबसे काढते, तुमचं तर मार्च ते सप्टेंबर 😳 वहिनींना साष्टांग नमस्कार सांगा. त्या काय म्हणाल्या ऐकून?

सातची_लोकल

@अळूवडी, ती म्हणाली "बघू." पुढे काही नाही, पोळ्या लाटत होती. १७ सीझन बघितलेत तिने, तिचा विश्वास बसायला जून उजाडेल.

बाँबर_बंड्या

आमच्या ब्राँक्सकडून, म्हणजे यांकीजकडून, हार्दिक शुभेच्छा! मेट्स बघणं कमी केलंत म्हणजे कुटुंबाला वेळ नंतर, आधी ब्लडप्रेशरला आराम दिलात. वर्ल्ड सिरीज २७ विरुद्ध २, एवढंच बोलतो. तुमचे दोन पण १९६९ आणि १९८६ चे, तेव्हा तुम्ही कुठे होतात.

सातची_लोकल

८६ ला साताऱ्यात बालवाडीत. आणि तुमच्याकडून आलेला सोटो कुणाकडे आहे आता, १५ वर्षं, ७६५ मिलियन डॉलर, जरा सांगता का?

बाँबर_बंड्या

सोटो घेऊन ८३-७९. आणि प्लेऑफच्या बाहेर. राहू द्या.

(पण खरं सांगू का, त्या दिवशी सिनसिनाटी पण हरली ना, तुम्हाला फक्त जिंकायचं होतं. मला पण वाईट वाटलेलं. दहा मिनिटं.)

वडगावकर

मी पुण्याचा, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण लेख आवडला. एक बेसिक प्रश्न, १६२ मॅच कशाला खेळतात? कसोटी पाच दिवसांची असते मान्य, पण मग महिनाभर सुट्टी तरी मिळते. हे म्हणजे रोज दळण.

सातची_लोकल

@वडगावकर, दळणच आहे, शब्द एकदम बरोबर. आधी १५४ असायच्या, ६१-६२ मध्ये टीम वाढल्या तशा १६२ झाल्या. मेट्स जन्मालाच १९६२ ला आली आणि पहिल्या वर्षी १२० हरली. जिंकल्या ४०. कुंडलीतच आहे हो ते.

पण या दळणातच गंमत आहे, म्हणून तर सुटत नाही. क्रिकेटची मोठी मॅच म्हणजे लग्न, सगळे नटून बसणार. बेसबॉल म्हणजे रोजची संध्याकाळ. चांगल्यातली चांगली टीम सीझनला पन्नासच्या आसपास तरी हरते, म्हणजे आज हरले तर उद्या परत आहेच, रडायला वेळ नाही. कुठलीच एक मॅच महत्त्वाची नसते. आणि तोच सापळा आहे बघा. कुठलीच महत्त्वाची नाही म्हणून सोडायला हरकत नाही असं वाटायला पाहिजे, तर उलटं होतं, कुठलीच मोठी नाही म्हणून कुठलीच सोडायला कारण सापडत नाही. लग्न बुडवलं तर लक्षात येतं. संध्याकाळ बुडवली तर कोणाच्या लक्षात येतं.

दोन_आणे

अवांतर नाही, विषयालाच धरून. बेसबॉलमध्ये खेळणाऱ्यांनी पण असं केलंय. बस्टर पोझी, सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर, २०२० मध्ये त्याने जुळ्या मुली दत्तक घेतल्या, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, करोना चालू होता तर तो अख्खा सीझन खेळलाच नाही. पुढच्या वर्षी आला, टीमने १०७ जिंकल्या, आणि सीझन संपल्यावर ३४ व्या वर्षी रिटायर. क्लबकडे पुढच्या वर्षासाठी २२ मिलियनचा ऑप्शन होता. गुडघे कमरेचं दुखणं होतंच म्हणा, पण घर हे कारण त्याने स्वतः सांगितलं.

अजून एक अ‍ॅडम लारोश. २०१६, शिकागो व्हाइट सॉक्स. पोराला, १४ वर्षांचा होता, रोज क्लबहाऊसमध्ये आणायचा, टीमने सांगितलं जरा कमी आण. हा गेला घरी, १३ मिलियन सोडून. त्यावर तेव्हा भांडणं झालेली, मला तर अजून कळलं नाही कोण बरोबर, ऑफिसात मी रोज पोराला नेलं तर मला पण सांगतीलच की.

सातची_लोकल

@दोन_आणे, आमच्या मेट्सचाच किस्सा राहिला की. डॅनियल मर्फी, २०१४. सीझनच्या पहिल्याच दिवशी त्याला मुलगा झाला, तो फ्लोरिडाला बायकोकडे गेला, दोन मॅच नाही खेळला. नियमाने तीन दिवसांची रजा मिळते, २०११ पासून आहे. तरी इथल्या रेडिओवर त्याला धुतला, एकाने तर सीझनच्या आधीच सिझेरियन करून घ्यायचं होतं असं म्हटलं आणि नंतर माफी मागितली. मर्फीला पुढे जूनमध्ये व्हाइट हाऊसने बोलावलं, नोकरी करणाऱ्या बापांवर परिषद होती तिथे बोलायला.

हे मला इतकं पाठ का, तर त्याच आठवड्यात आमची मोठी झाली. हॉस्पिटलात बसून मी मर्फीची बाजू घेऊन नर्सशी तावातावाने बोलत होतो, अगदी बरोबर केलं त्याने, बाप आहे तो, वगैरे. आणि माझ्या डाव्या कानात रेडिओ होता. इयरफोन. बायकोला कळा चालू.

हे आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं.

अळूवडी

अरे देवा 🤦

निंबोणी

थोडं कडू बोलते, आधीच सांगते.

धागा छान आहे, भोंडल्याचा परिच्छेद वाचून पोटात कालवलं, खोटं नाही बोलणार. पण मला एक सांगा, बायका छंद सोडतात तेव्हा धागा काढतात का? माझी पेटी माळ्यावर आहे, मुलगा झाला तेव्हा ठेवलेली, तो आता दहावीला आहे. मी घोषणा केली नव्हती. कोणी विचारलं पण नाही. तुम्ही १६२ वरून २६ वर आलात तर सगळे टाळ्या वाजवतायत. २६ तरी आहेतच की! माझ्या वाट्याला वर्षात २६ संध्याकाळ आल्या तर मी कोमल निषादापर्यंत परत पोचेन.

तुम्ही वाईट आहात असं अजिबात नाही म्हणत. पण वहिनी नाईट करून येतात आणि पोळ्या पण लाटतात, तर त्यांच्या रविवारचं काय ठरलंय, ते लिहिलं नाहीत.

दोन_आणे

+१००

बाँबर_बंड्या

स्ट्राइक तीन, बघत उभा.

सातची_लोकल

@निंबोणी, दोन दिवस उत्तर नाही दिलं कारण उत्तर नव्हतं. खरंच. धागा काढताना मनात होतं की लोक म्हणतील वा वा, ते कबूल.

काल तिला विचारलं की तुझं काय राहिलंय. आधी म्हणाली काही नाही, झोप राहिलीये. मग रात्री भांडी लावताना म्हणाली, पोहणं. लग्नाआधी ती साताऱ्यात रोज सकाळी पोहायची, मला माहीत होतं, म्हणजे बायोडेटात वाचलेलं. इथे वायएमसीएत मंगळवार-गुरुवार संध्याकाळी साडेसहा ते आठ लेन मोकळ्या असतात, फॉर्म आणलाय. तेवढा वेळ घर माझ्याकडे. ७:१० त्याच्या बरोब्बर मध्ये येतं.

आणि पेटी माळ्यावरून काढा. भाते उंदरांनी खाल्ले असतील तर आधी ते बघून घ्या.

निंबोणी

भाते शाबूत आहेत, गेल्या दिवाळीत बघितलं होतं. बरं, बघते. तुम्ही पण बघा.

लॉसएंजेलिसची_मावशी

मी डॉजर्सवाली त्यामुळे मेट्सच्या घरगुती भानगडीत पडत नाही, आता तर तुमचा डियाझ पण आमच्याकडे आलाय 😌 पण व्हिन स्कलींची आठवण झाली. १९५० ते २०१६, ६७ सीझन एकाच टीमची कॉमेंटरी. ते पण एकदम नाही थांबले हो, हळूहळू कमी केलं, आधी लांबचे पूर्वेकडचे दौरे सोडले, मग जास्त करून घरच्याच मॅच. मी इथे नवीन आले तेव्हा इंग्रजी कानावर बसावं म्हणून त्यांना ऐकायचे, बॅटरला पहिला बॉल पडेपर्यंत त्याच्या आजोबांची गोष्ट सांगून व्हायची. त्यांनी प्रवास कमी केला तेव्हा लोक हळहळले, पण घरची मॅच असली की आवाज होताच. कमी करणं म्हणजे संपवणं नाही, एवढंच.

तात्या_जर्सीवाले

मला नाही पटलं. छंद आणि घर असे दोन डबे कशाला करायचे? पोरांना घेऊन जा की मॅचला. सिटी फील्ड एडिसनहून लांब पडतं, ट्रेन बदलत सात नंबरने जायचं म्हणजे जाता-येता चार तास आणि तिकीट-खाणं धरून चौघांचे खिसे रिकामे. पण ब्रिजवॉटरला मायनर लीग (मोठ्या टीमच्या हाताखालच्या टीमची लीग) आहे, समरसेट पेट्रियट्स, गाडीने अर्धा तास. तिकीट परवडतं, पोरं गवताच्या उतारावर लोळतात, खेळाडू कुंपणापाशी येऊन सही देतात. आम्ही दर उन्हाळ्यात तीनदा तरी जातो, आजीला पण नेतो, ती घरून दशम्या घेते.

सातची_लोकल

तात्या, सूचना सोन्यासारखी आहे पण एक अडचण आहे, ती बंड्याने वाचू नये अशी इच्छा आहे.

बाँबर_बंड्या

वाचली!! समरसेट पेट्रियट्स २०२१ पासून यांकीजची डबल-ए टीम आहे!!! या या, निळ्या पट्ट्याची टोपी मी आणतो, अण्णांना पण एक.

सातची_लोकल

अण्णांना विचारलं. ते म्हणाले टोपी फुकट आहे ना, मग कुठली का असेना.

वडगावकर

ते वहीचं जरा समजावून सांगा ना. माझा भाचा जळगावला शाळेकडून सॉफ्टबॉल खेळतो, त्याला विचारलं तर म्हणाला तिथे पण सर असंच काहीतरी आकड्यांत लिहितात.

सातची_लोकल

सेमच. फील्डवरच्या नऊ जणांना नंबर असतात, जर्सीचा नाही, जागेचा. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून सेकंडला टाकला, त्याने फर्स्टला, दोन आउट, तर लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउट म्हणजे के. बॅट फिरवून चुकला तर सरळ के, आणि नुसता बघत उभा राहिला तर उलटा के, आरशातल्यासारखा. २००६ च्या प्लेऑफमध्ये मेट्सचा बेल्ट्रान शेवटच्या बॉलवर उभाच राहिला तो मेट्सवाल्यांच्या छातीवर कोरलेला उलटा के, मी तेव्हा इथे नव्हतो तरी माझ्याही छातीवर आहे.

काल जुन्या वह्या खोक्यात भरत होतो तर १ जून २०१२ चं पान निघालं. योहान सँटाना, मेट्सच्या इतिहासातली पहिली नो-हिटर (समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट नाही), ८,०२० व्या मॅचमध्ये, पन्नास वर्षं थांबल्यावर. १३४ बॉल टाकले त्याने, खांद्याच्या ऑपरेशनमधून आलेला माणूस. आणि सहाव्या इनिंगमध्ये तोच बेल्ट्रान, आता सेंट लुईसकडून, त्याचा एक बॉल थर्ड बेसच्या रेषेवर पडला, खडू उडालेला टीव्हीवर दिसला, अंपायरने फाउल दिला. तेव्हा असल्या निर्णयाला रिव्ह्यू नव्हता, तो २०१४ ला आला, नाहीतर नो-हिटर तिथेच गेली असती. मी त्या चौकटीत बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, "फाउल. (देव आहे.)"

मोठी शेजारी बसून खोक्याला टेप लावत होती. पान बघून म्हणाली हे कोड आहे का. मी सांगितलं. मग तिने वहीच्या मागच्या पानावर घरातल्यांना नंबर दिले, आई १, ती स्वतः २, अण्णा ३, धाकटा ४, मी ९. म्हटलं मी राइट फील्डमध्ये का? म्हणे तुम्ही लांब उभे असता ना.

जाऊ दे. ९ तर ९, राइट फील्डला पण बॉल येतो.

अळूवडी

पोरगी चांगलीच तयार आहे 😂 वहिनींनी पोहण्याचा फॉर्म भरला का ते कळवा.

सातची_लोकल

(एप्रिल. अपडेट मागत होतात म्हणून.)

फॉर्म भरला. पहिल्या मंगळवारी ती पोहायला, मी घरी. सव्वासातला हात आपोआप रिमोटकडे गेला, खोटं कशाला बोलू. धाकट्याने आंघोळीत माझ्या अंगावर इतकं पाणी उडवलं की फोन बाहेर ठेवावा लागला, ते बरंच झालं. मग अण्णांना घेऊन खाली फेरीला निघालो तर कोपऱ्यावरच्या घरात खिडकी उघडी, आत मॅच चालू, ओळखीचा आवाज. मी हळू झालो. अण्णा म्हणाले गुडघा दुखतोय, जरा टेकतो, आणि बसले कठड्यावर. दोन मिनिटांनी म्हणतात, झाली का तुझी इनिंग? गुडघा काही दुखत नव्हता.

रविवारची मराठी शाळा साडेबाराला सुटते आणि मॅच १:४० ला, त्यामुळे ते एकदम जमतं. ग्रुपवरच्या रिपोर्टला लोक अजून विचारतात, आता आठवड्यातून एकच येतो आणि तो बराच वाईट असतो कारण मधल्या सहा दिवसांचं मला काही माहीत नसतं.

एक काम होतं, त्यासाठी खरं वर आलो. या वर्षीच्या म्हणून तीन कोऱ्या वह्या आधीच मागवून ठेवल्या होत्या, २६ मॅचना एक पुरते, तर दोन पडून आहेत. @वडगावकर, भाच्याला हव्यात का?

वडगावकर

हव्यात म्हणजे काय, पळत येईल. मे महिन्यात तिकडून कोणी येतंय का? आणि जमलं तर एक बेसबॉल पण, त्याला हातात धरून बघायचाय, सॉफ्टबॉलपेक्षा लहान असतो म्हणतो.

सातची_लोकल

लहान आणि कडक. मेहुणा येतोय १७ ला पुण्यात, पण त्याच्या बॅगा आत्ताच २३-२३ किलोच्या झाल्यात, सासूबाईंचा एअर फ्रायर आहे त्यात. वह्या हातातल्या पिशवीत बसतील, बॉलचं विचारून सांगतो.